दोन धातूंमधला कागद

भर आषाढात, मुंबई-गोवा महामार्गावर संगमेश्वरच्या अलीकडे आमच्या गाडीचं मागचं डावं चाक पंक्चर झालं. जॅक लावला, पाचही बोल्ट काढले. बोल्ट फारसा त्रास न देता सुटले, पण चाक जागचं हलेना. दोन्ही हातांनी धरून ओढलं, पायानं दणके दिले, काही उपयोग नाही. एकही बोल्ट उरलेला नाही आणि तरी चाक गाडीला चिकटून बसलेलं, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. तासाभरानं पुढच्या फाट्यावरून पंक्चरवाला मुलगा आला. त्यानं वाकून एकदा बघितलं आणि म्हणाला, "काका, चाकानं हब धरलाय. अलॉयला होतं असं. आपल्याकडं तर जास्तच, खारं वारं ना." त्यानं बोल्ट पुन्हा हातानं सैलसर लावले, गाडी जॅकवरून खाली घेतली, मला ती वीतभर पुढं आणि वीतभर मागं घ्यायला लावली आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबायला सांगितला. तिसऱ्या झटक्याला आतून खट्‌ असा आवाज आला. चाक सुटलं होतं.

पावसात छत्री धरून मी हबकडे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाकडे, बघत राहिलो. मधल्या गोल उंचवट्याभोवती पांढऱ्या भुकटीचं कडं जमलं होतं, अगदी तांदळाच्या पिठासारखं. नखानं खरवडलं तर खाली चाकाच्या धातूला बारीक बारीक खड्डे पडलेले. शेजारच्या लोखंडावर तांबूस गंज. गाडी जेमतेम चार वर्षांची. तिचं सर्व्हिसिंग दरवर्षी वेळच्या वेळी होत आलेलं. पण या चार वर्षांत ही जागा कुणीही उघडून पाहिली नव्हती, मीही नाही.

आपण ज्याला 'अलॉय' म्हणतो ते चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. बोल्ट पोलादाचा, हब पोलादाचा, ब्रेकची तबकडी बिडाची. असे दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल शिरली, की तिथं एक लहानशी बॅटरी तयार होते. त्या बॅटरीत एक धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद या जोडीत झिजण्याची पाळी ॲल्युमिनियमवर येते. झिजलेल्या धातूची जी पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते. हब आणि चाक यांच्यातल्या केसाएवढ्या फटीत ती फुगत जाते आणि पाचर ठोकल्यासारखी दोघांना आवळून धरते. आमचं चाक असंच धरलं गेलं होतं.

ही गोष्ट माणसाला किमान १७६३ सालापासून माहीत आहे. तिच्यावरचा उपायही तेव्हापासूनच माहीत आहे. तरीही गेल्या अडीचशे वर्षांत दर काही दशकांनी आपण ती नव्यानं विसरलो आहोत, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत मोजली आहे. हे का होतं, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे.

ब्रिटिश आरमारात 'अलार्म' नावाचं ३२ तोफांचं फ्रिगेट होतं. उष्ण समुद्रात लाकडी जहाजांच्या तळाला किडा पोखरून टाकत असे आणि शंखशिंपल्यांचा थर बसून वेग मंदावत असे. त्यावर उपाय म्हणून १७६१ मध्ये 'अलार्म'च्या तळावर तांब्याचे पातळ पत्रे ठोकले गेले, आणि ते ठोकले लोखंडी खिळ्यांनी. जहाज वेस्ट इंडीजच्या पाण्यात राहून परत आलं आणि १७६३ मध्ये त्याचा तळ तपासला गेला. किड्याचा बंदोबस्त झाला होता, तांबं ठणठणीत होतं, पण पत्रे जागोजागी सुटले होते, कारण खिळेच नाहीसे झाले होते. जिथं तांबं आणि लोखंड एकमेकांना लागत होतं तिथं लोखंडाचा नुसता चोथा उरला होता.

मात्र काही खिळे शाबूत होते. तपासणाऱ्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, तेव्हा त्या खिळ्यांपाशी तपकिरी कागदाचे तुकडे सापडले. पत्रे ज्या कागदात गुंडाळून गोदीत आले होते, तो काही ठिकाणी काढायचा राहून गेला होता. कागद तांबं आणि लोखंड यांच्या मध्ये आला आणि खिळा वाचला. खाऱ्या पाण्यात लोखंड तांब्याला थेट लागू देऊ नये, असा निष्कर्ष अहवालात नोंदला गेला. त्या काळी विजेचा प्रवाह कशाला म्हणतात हे कुणालाच माहीत नव्हतं. गॅल्वानीचा बेडकाच्या पायांवरचा प्रबंध प्रसिद्ध व्हायला अजून २८ वर्षं होती. सिद्धांत हाताशी नसताना केवळ डोळे उघडे ठेवून काढलेला तो निष्कर्ष आजही जसाच्या तसा खरा आहे. मला 'अलार्म'च्या त्या अनाम तपासनिसांबद्दल फार आदर वाटतो.

पुढं काय झालं? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटनला वेगवान जहाजं तातडीनं हवी होती. १७७९ ते १७८१ या काळात जवळजवळ सगळ्या आरमाराला तांबं चढवलं गेलं. खिळ्यांचा धडा लक्षात ठेवून पत्र्याखाली जाड कागदाचा थर दिला गेला. पण जहाजाचा सांगाडा धरून ठेवणारे मोठे लोखंडी बोल्ट तसेच राहिले. कागद फाटला, पाणी आत झिरपलं आणि बोल्ट आतल्या आत खंगत गेले. हे बाहेरून दिसत नसे. शेवटी १७८० च्या दशकात आरमाराला लोखंडी बोल्ट सोडून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट स्वीकारावे लागले. खिळ्याचा धडा बोल्टला लागू आहे, हे कळायला वीस वर्षं लागली.

या कथेत मुंबईचाही एक धागा आहे. वाडिया घराण्यातल्या कसबी जहाजबांधणी करणाऱ्यांनी मुंबईच्या गोदीत याच आरमारासाठी सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. इंग्लंडच्या ओक लाकडातलं आम्ल लोखंडी खिळ्याला खात असे. मलबारच्या सागवानात मात्र तेलाचा अंश असतो, तो लोखंडाला सांभाळून घेई. लोखंड ठोकायचं ते कशात, आणि त्याच्या शेजारी काय येणार, याचा विचार जहाज बांधणाऱ्या सुतारालाही करावा लागत होता.

बोलोन्याच्या लुइजी गॅल्वानीनं १७९१ मध्ये आपलं निरीक्षण छापलं. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की तो आखडतो. ही प्राण्याच्या शरीरातली वीज, असं त्याचं मत होतं. पाव्हियाच्या अलेस्सांद्रो व्होल्टाला ते पटलं नाही. त्याच्या मते वीज दोन धातूंच्या भेटीतून येत होती आणि बेडूक हा फक्त मधला ओला पदार्थ होता. ते दाखवण्यासाठी त्यानं बेडूक बाजूला ठेवला, चांदीच्या आणि जस्ताच्या चकत्या एकाआड एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा घातला आणि १८०० साली जगातली पहिली बॅटरी तयार केली. 'अलार्म'च्या तळाशी आणि आमच्या चाकाच्या हबवर हेच चाललं होतं. व्होल्टाच्या पुठ्ठ्याच्या जागी एकीकडे समुद्र होता, दुसरीकडे कोकणातला पाऊस.

धातूंची एक उतरंड असते. सगळ्यांत उदार मॅग्नेशियम, मग जस्त, मग ॲल्युमिनियम, मग लोखंड, त्यानंतर शिसं, तांबं, चांदी, आणि शेवटी कुणाला काहीच न देणारं सोनं. एकत्र आलेल्या दोघांपैकी जो जास्त उदार तो झिजतो, दुसरा त्याच्या जिवावर टिकतो. लोखंड तांब्यापुढं झिजतं, आणि तेच लोखंड ॲल्युमिनियमच्या शेजारी बसलं की खाणारं होतं.

या उतरंडीचा उपयोग रक्षणासाठी करता येईल, हे हम्फ्री डेव्हीनं १८२४ मध्ये दाखवलं. जहाजांचं तांबंही समुद्रात हळूहळू झिजत असे. डेव्हीनं त्या तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. पण एक अडचण निघाली. तांबं झिजताना जे विष पाण्यात सोडत होतं, त्यामुळंच शंखशिंपले दूर राहत होते. झीज थांबली आणि जहाजाचा तळ पुन्हा जीवांनी भरून गेला. आरमारानं तो उपाय सोडला. डेव्हीचं तत्त्व मात्र पुढं पोलादी जहाजांच्या कामी आलं आणि आजही त्यांच्या तळाला जस्ताच्या वड्या बसवतात. फ्रान्समध्ये सोरेलनं १८३७ मध्ये लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा थर चढवण्याचं पेटंट घेतलं. आपल्या गावातल्या पाण्याच्या बादल्या आणि छपराचे पत्रे त्याच वंशातले. चाकाच्या बोल्टवरचा राखाडी थरही त्याच तत्त्वावरचा.

हे ज्ञान आपल्या घरांतही होतं, फक्त त्याला सूत्र नव्हतं. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर आमटी कळकते, हे सांगायला कुणाला रसायनशास्त्र शिकावं लागलं नाही. जर्मनच्या पातेल्यात ताक ठेवू नये, असा घराघरांत दंडक होता. ॲल्युमिनियमला आपल्याकडं कितीतरी वर्षं 'जर्मन' म्हणत. या धातूची भांडी करण्याचा उद्योग भारतात सुरू केला तो मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. खात्री हवी असेल तर एक प्रयोग घरी करून पाहा. स्टीलच्या डब्यात कैरीचं ताजं, रसरशीत लोणचं भरा आणि वरून ॲल्युमिनियमची फॉइल अशी दाबून लावा की ती लोणच्यालाही लागेल आणि डब्याच्या काठालाही. दोन-तीन दिवसांत फॉइलला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडलेली दिसतील आणि खाली लोणच्यावर करडे डाग. स्टील, ॲल्युमिनियम, मीठ आणि ओल: चाकाची सगळी गोष्ट त्या डब्यात आहे. फक्त ते लोणचं मग खाऊ नका.

आता १८८६ सालाकडे येतो. माझ्या मते या विषयात त्या एका वर्षाइतकं महत्त्वाचं दुसरं वर्ष नाही. जानेवारीत कार्ल बेंझनं जर्मनीत आपल्या तीन चाकी मोटारीचं पेटंट मागितलं. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू, एकमेकांचा पत्ता नसलेल्या दोन तरुणांनी, विजेच्या साह्यानं ॲल्युमिनियम स्वस्तात वेगळं काढण्याची रीत शोधली. दोघांचाही जन्म १८६३ चा. तोवर हा धातू इतका दुर्मिळ होता, की १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर ॲल्युमिनियमचं लहानसं टोक बसवणं हा मानाचा विषय झाला होता. आणि ऑक्टोबर १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

मोटार आणि ॲल्युमिनियम यांची गाठ पुढं पडायची होती. पुतळ्यात मात्र जुनीच जोडी पुन्हा एकत्र आली होती. बाहेरची कातडी तांब्याची, सुमारे अडीच मिलिमीटर जाडीची. तिला आतून आकार देणाऱ्या पट्ट्या लोखंडाच्या. आणि आजूबाजूला समुद्र. आतल्या सांगाड्याची रचना गुस्ताव्ह आयफेलची. धोका माहीत होता, म्हणून तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये लाखेच्या रोगणात भिजवलेल्या ॲस्बेस्टॉसचा थर घातला गेला. तो 'अलार्म'चा तपकिरी कागदच होता. पण काही दशकांत रोगण वाळलं, थर झिजला, उरलेला चिंध्यांसारखा झाला आणि उलट ओल धरून ठेवू लागला. पट्ट्या गंजून फुगल्या. ज्या तांब्याच्या पकडींमधून त्या मोकळ्या सरकायला हव्या होत्या, त्यांत त्या घट्ट बसल्या. फुगलेल्या लोखंडानं तांब्यातले रिव्हेट उपटून काढले. जिथं रिव्हेट निघाले तिथून पाणी आत आलं आणि गंज आणखी वाढला. शंभरी जवळ आली तेव्हा १९८४ ते १९८६ या काळात लोखंडी पट्ट्या थोड्या थोड्या करून काढल्या गेल्या, त्यांच्या जागी तंतोतंत त्याच आकाराच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसवल्या आणि मध्ये टेफ्लॉनचा थर दिला.

पुतळ्याच्या या हकिगतीत मला जे महत्त्वाचं वाटतं ते असं: चूक अज्ञानाची नव्हती. थर घातलेला होता. तो थर किती वर्षं टिकेल आणि दर काही वर्षांनी तो कोण पाहील, हे ठरलेलं नव्हतं. तांब्याची कातडी शिल्पकाराची, सांगाडा इंजिनियरचा, आणि दोघांच्या मधला थर कुणाचाच नाही. खिळ्यांच्या बाबतीतही तसंच. पत्रा तांबटाचा, खिळा लोहाराचा. आज चाक एका कारखान्यात ओतलं जातं, बोल्ट दुसरीकडे घडतो, हब तिसरीकडे. गाडी विकणारा वेगळा, टायर बदलणारा वेगळा. जिथं हे सगळे एकमेकांना टेकतात, ती जागा कुणाच्या खात्यात येत नाही. आपण दर पिढीला हा धडा विसरतो, त्याचं कारण मला इथं दिसतं.

ॲल्युमिनियम चाकापर्यंत आलं ते विमानाच्या वाटेनं. जर्मनीत आल्फ्रेड विल्मनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ड्युरॅल्युमिन हा बळकट मिश्रधातू काढला. विमानं त्याची होऊ लागली आणि समुद्रावर उतरणाऱ्या विमानांमध्ये तो खाऱ्या पाण्यानं खंगू लागला. त्यासाठीच १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट यांनी विजेच्या साह्यानं ॲल्युमिनियमवर जाड ऑक्साइडचा थर चढवण्याची रीत शोधली. आपण तिला ॲनोडायझिंग म्हणतो. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, ल्यों इथल्या ग्रां प्री शर्यतीत बुगाटीच्या 'टाइप ३५' गाड्या उतरल्या आणि त्यांना ॲल्युमिनियमची ओतीव, आठ रुंद आऱ्यांची चाकं होती. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या अल्कोआनं ट्रकसाठी घडीव ॲल्युमिनियमचं चाक आणलं. साठच्या दशकात 'मॅग' चाकांचं वेड आलं. सुरुवातीची ती चाकं खरोखरच मॅग्नेशियमची होती, म्हणजे उतरंडीतल्या सगळ्यांत उदार धातूची. नाव आपल्याकडं अजून टिकून आहे, 'मॅग व्हील' म्हणणारे मेकॅनिक आजही भेटतात. आता तर साध्या कुटुंबाच्या गाडीलाही अलॉय येतात आणि मोटारसायकलींना तर सर्रास. चाक हलकं झालं, ब्रेकची उष्णता लवकर निघून जाऊ लागली. ॲल्युमिनियम वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही.

उघड्यावर ॲल्युमिनियम स्वतःचं रक्षण उत्तम करतं. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा थर येतो, केसाच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाइतका पातळ. ओरखडा पडला तर तो थर क्षणात भरून येतो. मिठातला क्लोराइड मात्र त्याला भोकं पाडतो, आणि अरुंद फटीत, जिथं हवा पोचत नाही, तिथं थर पुन्हा धरत नाही. थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथं ही रड हिवाळ्यानंतरची. आपल्याकडं मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या पट्ट्यात मीठ वाऱ्यातूनच येतं आणि चार महिने त्याला पाणी मिळतं.

बोल्ट सुटले आणि चाक अडकलं, असं का झालं, हे मी नंतर समजून घेतलं. झीज किती होईल हे कोणत्या धातूचं क्षेत्रफळ किती, यावरही ठरतं. खाणारा लहान आणि खाल्ला जाणारा मोठा असेल तर नुकसान पसरून हळू होतं. बोल्ट लहान, चाक मोठं. शिवाय बोल्टवर जस्ताचं लेपन असतं आणि जस्त ॲल्युमिनियमच्याही आधी स्वतः झिजतं. लेपन शाबूत आहे तोवर बोल्ट आणि चाक यांचं बरं चालतं. हबचा पृष्ठभाग मात्र मोठा, बहुधा उघड्या पोलादाचा, आणि चाकाला घट्ट टेकलेला. खरी झीज तिथं होते. बोल्टचं लेपन पान्ह्यानं सोलून निघालं, आट्यांमध्ये गंज चढला, की मग बोल्टचीही पाळी येते. या लेपनांनाही इतिहास आहे. पूर्वी त्यांत विषारी क्रोमियम असे. युरोपीय संघानं २००० सालच्या निर्देशानुसार १ जुलै २००७ पासून नव्या गाड्यांच्या गंजरोधक लेपनांत त्यावर बंदी घातली आणि कारखान्यांना जस्ताच्या पापुद्र्यांची नवी लेपनं वापरात आणावी लागली.

मग उपाय काय? 'अलार्म'चा कागद इथं तसाच चालत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. चाक आणि हब यांच्या टेकणाऱ्या सपाट भागात जाड रंग, कागद, ग्रीसचा गोळा असं काहीही दबणारं आलं, की गाडी चालताना ते चेपतं आणि बोल्टचा ताण उतरतो. चाक सैल होतं. साठलेला गंज आणि पांढरी भुकटी यांचाही हाच धोका. चाक अडकणं ही फार तर रस्त्यावरची गैरसोय. गंजावर चाक तसंच आवळून बसवलं आणि पुढं तो गंज चुरून गेला, तर चाक निखळू शकतं. म्हणून पहिला उपाय स्वच्छता. तारेच्या ब्रशनं हबचा सपाट भाग आणि मधला उंचवटा चकाकेपर्यंत घासायचा, चाकाची आतली बाजूही हलक्या हातानं. मग फक्त मधल्या उंचवट्याच्या कडेला योग्य ग्रीसचा बोटानं पुसल्यासारखा पातळ हात फिरवायचा. तेवढाच आपला कागद.

बोल्टच्या आट्यांना तेल-ग्रीस लावायचं नाही, गाडीच्या पुस्तकात स्पष्ट सांगितलं असेल तरच लावायचं. याचं कारण समजलं की कुणी ही चूक करणार नाही. आपण पान्ह्यावर जो जोर लावतो, त्याचा साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. कंपनीनं दिलेला टॉर्कचा आकडा कोरडे आटे धरून काढलेला असतो. तिथं तेल घातलं की घर्षण कमी होतं आणि तोच आकडा लावूनही बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. हवेच्या गननं डोळे झाकून आवळणं हा याच चुकीचा मोठा भाऊ.

अनेक गॅरेजांत तांबूस ग्रीस दिसतं, ज्यात तांब्याची पूड असते. ब्रेकच्या आसपास उष्णतेसाठी ते जुन्या सवयीनं वापरतात. ॲल्युमिनियमच्या चाकावर मात्र ते लावू नये. १७६३ मध्ये ज्या धातूनं लोखंडाचे खिळे खाल्ले, तोच धातू आपण आपल्या हातानं ॲल्युमिनियमला चोळायचा, याला काय अर्थ आहे? सिरॅमिकची पूड असलेलं ग्रीस बाजारात मिळतं. तसंच चकचकीत दिसतात म्हणून स्टेनलेसचे बोल्ट बसवण्याची हौस. स्टेनलेस उतरंडीत साध्या पोलादाच्याही पलीकडे आहे, म्हणजे ॲल्युमिनियमला जास्त खाणारं. शिवाय गाडीच्या मूळ बोल्टच्या डोक्यावर अनेकदा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. ती त्याची ताकद. बाजारातल्या सामान्य स्टेनलेस बोल्टमध्ये ती नसते.

हे वाचताना कुणी म्हणेल, ही सगळी बारीकसारीक बाब, एवढं काय त्यात. पण २०१० च्या जानेवारीत अमेरिकेच्या आरमारात 'इंडिपेंडन्स' ही ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची अत्याधुनिक युद्धनौका दाखल झाली. पुढच्याच वर्षी कळलं, की जिथं पोलादी प्रणोदनयंत्रणा ॲल्युमिनियमला मिळते तिथं सांगाडा झपाट्यानं झिजतो आहे. डेव्हीनं जे संरक्षण १८२४ मध्ये सांगितलं, त्याच जातीची यंत्रणा त्या जहाजाला पुरेशी बसवलेली नव्हती आणि ती नंतर बसवावी लागली. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत आरमाराकडून हे घडलं, तर आमच्या गॅरेजमधल्या मुलाला मी काय दोष देणार! उलट त्या महामार्गावरच्या मुलाला चाकानं हब धरल्याचं एका नजरेत कळलं होतं. ज्यांनी चार वर्षं पैसे घेऊन गाडी तपासली, त्यांच्या यादीत ही जागाच नव्हती.

जबाबदारी ठरवता येते, याचं एक उदाहरण आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात नव्वदच्या दशकात ट्रकांची निखळलेली चाकं लागून माणसं मेली. तिथल्या विधिमंडळानं १९९७ मध्ये कायदा केला: मालवाहू गाडीचं चाक निखळलं तर गाडी चालवणाऱ्या व्यवसायावर थेट दोष, 'आम्ही पुरेशी काळजी घेतली होती' हा बचाव चालणार नाही, आणि दंड ५०,००० डॉलरपर्यंत. कायदा कठोर आहे. पण दोन धातूंच्या सांध्याला त्यानं एक मालक दिला.

आपल्याकडं लगेच एवढा कडक कायदा हवा, असा माझा आग्रह नाही. पण तीन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. सर्व्हिसिंगच्या कार्डावर 'हब साफ केला' अशी एक ओळ हवी आणि तिच्यापुढं काम करणाऱ्याची सही हवी. टायरच्या प्रत्येक दुकानात टॉर्कचा पान्हा हवा आणि गननं आवळल्यावर शेवटचा पीळ त्यानंच द्यायला हवा. आणि गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात चाक बसवण्याची दोन पानं तरी सोप्या मराठीत हवीत, कारण रस्त्याकडेला चाक बदलणारा माणूस मराठी वाचतो. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांना 'अलार्म'च्या कागदाची गोष्ट एकदा सांगितली, तर ती त्यांच्या जन्मभर लक्षात राहील, याची मला खात्री वाटते.

वाचकांना माझी विनंती अशी. येत्या मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, गाडीची चारही चाकं एकदा उतरवून घ्या, स्टेपनीचेही बोल्ट सोडवून पाहा. समोर उभं राहून हब घासून घ्या. बोल्टचे आटे कोरड्या फडक्यानं पुसा, ज्याचं लेपन सोललं असेल तो बोल्ट बदला, आणि तो मूळ जातीचाच घ्या. डोक्याखालचा उतार गोल आहे की शंकूसारखा, हे जुन्या बोल्टशी ताडून पाहा. बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं आवळा, पुस्तकातल्या आकड्याइतकेच. मग पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपासून घ्या, कारण ॲल्युमिनियम मऊ असतं आणि थोडं बसतं. गेल्या मे महिन्यात आम्ही हे केलं. चारही चाकांना मिळून एक तास लागला आणि तारेचा ब्रश शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाला.